काटकसर कोणाची आणि कशासाठी?



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली आणि पुढे ती गावोगाव गेली. या व्यासपीठांवरून वेदान्त झाला, इतिहास झाला, राज्यकारभाराची चिकित्सा झाली. अशा ठिकाणी उभे राहून आम्ही आज गॅसची शेगडी, गळका नळ आणि फाटकी चादर यांविषयी बोलणार आहोत. विषय लहान आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु ज्या रानड्यांनी ही माला ओवली, त्यांनीच १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्राची मांडणी केली होती. देशाच्या अर्थकारणाचा शेवटचा धागा अखेर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊनच पोचतो. म्हणून या विषयाबद्दल आम्ही क्षमा मागत नाही. फक्त आपला तासभर मागतो.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. काटकसर आणि कंजूषपणा ही सख्खी भावंडे नव्हेत. त्यांचे दूरचेही नाते नाही. कंजूष माणूस पैसा वाचवतो तो पैशासाठी. काटकसरी माणूस पैसा वाचवतो तो दुसऱ्या कशासाठी तरी. कंजुषाच्या घरी पाहुणा आला की दिवा मालवला जातो. काटकसऱ्याच्या घरी रिकाम्या खोलीतला दिवा मालवलेला असतो, म्हणूनच पाहुण्याच्या ताटात तुपाची धार पडते. "चमडी जाईल पण दमडी जाणार नाही" ही म्हण पहिल्याची. दुसऱ्यासाठी आपल्याकडे वेगळीच म्हण आहे आणि ती इशाऱ्याची आहे: "दरवाजा मोकळा आणि मोरीला बोळा". मोरीतून उंदीर येऊ नये म्हणून बोळा कोंबायचा आणि दार सताड उघडे टाकून झोपायचे! आपल्या बहुतेकांच्या घरखर्चाचे चित्र हेच असते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस होते आणि संध्याकाळी हप्त्यावर हजारोंची वस्तू सहज घरात येते. तेव्हा काटकसरीचा पहिला नियम हा की, आधी दार कोणते आणि मोरी कोणती, हे ओळखावे.

ते ओळखण्याचे साधन एकच आणि ते फुकट आहे. ते म्हणजे हिशेब. आपल्या वाडवडिलांच्या दुकानांत रोजकीर्द होती आणि खतावणी होती. घरात मात्र भिंतीवरची दिनदर्शिका हीच रोजकीर्द. दुधाचे खाडे, कामवाल्या बाईंची उचल, गॅसची टाकी लावल्याची तारीख, सारे त्या लहानशा चौकटीत लिहिलेले असे. ज्यांच्या घरी ही सवय अजून टिकली आहे, त्यांनी ती मोडू नये. कारण आज हिशेबाची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. २०१६ सालापासून मोबाइलवरून पैसे देण्याची सोय सर्वत्र पसरू लागली. सोय उत्तम आहे, सुट्ट्यांची कटकट गेली. परंतु खिशातून नोट काढताना हाताला जो एक क्षणाचा विचार पडत असे, तोही गेला. बोट टेकवले की रक्कम गेली. आठवड्याच्या शेवटी मोबाइलमधली ती यादी वहीत उतरवून पाहावी. "किरकोळ" या सदराखाली किती मोठी रक्कम बसते, हे पाहून पुष्कळांचे डोळे उघडतील. बत्तीस दिवसांचा महिना आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नसतो, तरी पगार मात्र दोन दिवस कमी का पडतो, याचे उत्तर त्या सदरात सापडते.

आता स्वयंपाकघरात जाऊ. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. तो कोठे वाया जातो? पाणी एकदा खळखळा उकळू लागले की ते आणखी तापत नाही; उघड्या भांड्यात शंभर अंशांच्या आसपासच राहते. मोठी आच ठेवली तर डाळ लवकर शिजत नाही, पाणीच लवकर उडून जाते. म्हणून उकळी येईपर्यंत आच मोठी आणि उकळी आल्यावर बारीक, वर झाकण, हा नियम. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापते, म्हणून अन्न लवकर शिजते. परंतु शिट्टी झाल्यावरही आच तशीच भडकती ठेवली तर पुढच्या प्रत्येक शिट्टीबरोबर आपण दिलेली उष्णता वाफेवाटे बाहेर जाते. हरभरे, राजमा, वाटाणे रात्री भिजत घातले तर सकाळी निम्मे काम पाण्याने आधीच करून ठेवलेले असते आणि पाणी त्याबद्दल बिल पाठवत नाही. भात एक-दोनदा चांगला उकळून, झाकण घट्ट लावून, पातेले जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवले तर तो आतल्या उष्णतेवर आपोआप मुरतो. युद्धकाळात इंधनाची टंचाई झाली तेव्हा युरोपातल्या गृहिणी गवत भरलेल्या पेटीत पातेले ठेवून हेच करीत होत्या.

शिळ्या अन्नाचे शास्त्र आपल्या बायकांनी इतके पुढे नेले आहे की त्याला पाकशास्त्राचा वेगळा अध्याय द्यावा. उरलेल्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, दोडक्याच्या शिरांची आणि दुधी भोपळ्याच्या सालीची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी. सायीचे विरजण, विरजणाचे लोणी, लोण्याचे तूप आणि तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून पोरांच्या हातावर. काही म्हणता काही टाकायचे नाही. परंतु येथे एक मर्यादा सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. उन्हाळ्यात आंबलेली आमटी "टाकवत नाही" म्हणून खाणे ही काटकसर नव्हे. चार रुपयांची आमटी वाचवून चारशे रुपयांचे औषध आणणे म्हणजे पुन्हा तीच मोरी आणि तेच दार. खरी काटकसर उरलेले खाण्यात नाही, उरू न देण्यात आहे. माणसे मोजून भाताला माप घालावे. आपल्या आज्यांच्या हाती चिपटे आणि निठवे होते. नुसत्या अंदाजाने त्या कधी डब्यात हात घालीत नसत.

हा वसंत म्हणजे बेगमीचाही ऋतू. कोकणात पावसापूर्वीच्या या साठवणीला आगोटीची खरेदी म्हणतात. गोव्यात मे महिन्यात मडगावला पुरुमेंताचे फेस्त भरते; सुकी मासळी, सोले, मिरच्या, चिंच असे पावसाळ्याचे सामान घेण्यासाठी माणसे लोटतात. देशावर गहू-डाळींची साठवण होते, अंगणात कुरडया-पापड वाळत पडतात. यामागचे गणित साधे आहे. पीक निघते तेव्हा माल भरपूर असतो आणि भाव उतरलेला असतो. धान्य कडकडीत उन्हात वाळवावे, कोठीत कडुलिंबाचा पाला घालावा, डाळींना एरंडेलाचा हात लावावा. तेलाच्या पातळ थरामुळे भुंग्यांना दाण्यावर अंडी घालणे अवघड जाते, हे आज शास्त्रही सांगते. मात्र बेगमी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, कर्ज काढून वर्षाचे धान्य भरू नये; भावात जे वाचते त्याहून अधिक व्याजात जाते. दुसरी, जागा नसेल तर दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोते आणावे आणि वाटून घ्यावे. शेतकऱ्यालाही दोन पैसे अधिक मिळतात आणि आपलेही वाचतात.

वाण्याकडे किंवा नव्या मोठ्या दुकानात गेल्यावर मात्र "मोठे ते स्वस्त" असे समजू नये. पुडके किती रुपयांचे, हे पाहू नये. किलोला किंवा लिटरला काय पडले, हे पाहावे. आपल्या बाजारात कित्येकदा शांपूच्या लहान पुड्या मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. "एकावर एक फुकट" या पाटीपुढे उभे राहून मनाला एकच प्रश्न विचारावा: ही पाटी नसती तर ही वस्तू आपण घेतली असती काय? नसेल, तर दुसरी फुकट मिळालेली नाही. पहिलीच फुकट गेली आहे.

विजेकडे वळू. साठ वॉटचा जुना तारेचा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे होतात. तेवढाच उजेड देणारा नऊ वॉटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ जळला तर सव्वा युनिटाच्या थोडे वर. हे आता बहुतेकांना माहीत आहे. पंख्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो. रोज बारा तास म्हणजे महिन्याला २७ युनिटे. नव्या पद्धतीच्या मोटरीचा पंखा तीस वॉटच्या आसपास घेतो. त्याची अकरा युनिटेही होत नाहीत. आपल्या राज्यात वीजबिल पायऱ्यापायऱ्यांनी चढते. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तेथून तीनशेपर्यंत त्याहून चढा, पुढे आणखी चढा. याचा अर्थ असा की, वाचवलेले युनिट हे नेहमी सर्वांत वरच्या पायरीचे, म्हणजे सर्वांत महागाचे असते. पायरी उतरण्यासाठी संपूर्ण घर अंधारात ठेवावे लागत नाही. वरची थोडी युनिटे कापली तरी पुरते.

गार पाण्यासाठी आमच्या मते माठासारखे यंत्र नाही. माठाच्या बारीक छिद्रांतून पाझरलेले पाणी वाळते आणि प्रत्येक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. ती उष्णता आतल्या पाण्याची. देशावरच्या कोरड्या वाऱ्यात माठ चांगला गार होतो. कोकणच्या दमट हवेत पाणी नीट वाळत नाही, म्हणून तेथे तो तितका पावत नाही. छिद्रे बुजली की माठ बदलावा. कुंभारालाही पोट आहे.

पाण्याच्या थेंबाविषयीही थोडे बोलले पाहिजे. "थेंबे थेंबे तळे साचे" हे आपण मुलांना शिकवतो, पण तळे रितेही थेंबे थेंबेच होते. नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब झाले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी रोजचे सव्वाचार लिटर आणि वर्षाचे दीड हजार लिटरांहून अधिक पाणी गेले. नळाचे वायसर किती पैशांना मिळते, हे आपणांस ठाऊकच आहे. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथल्या माणसांना या हिशेबाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कापडाबद्दल फार सांगायला नको. जुन्या लुगड्याची गोधडी, धोतराचे दुपटे, दुपट्याचे पोतेरे, असा कापडाचा चौथा आश्रम आपल्याकडे ठरलेलाच होता आणि त्यातूनही उरले तर बोहारीण दारात भांडे घेऊन उभी असे. आजचे कापड लवकर स्वस्त होते आणि लवकरच टाकले जाते. येथे नियम एवढाच: किंमत विकत घेताना मोजू नये, वापरताना मोजावी. हजार रुपयांची चप्पल तीन वर्षे टिकली तर ती चारशे रुपयांच्या, वर्षात तुटणाऱ्या चपलेहून स्वस्त असते. औषधांचेही तसेच. २००८ साली जनऔषधीची योजना सुरू झाली. तेथे मूळ नावाने मिळणारी पुष्कळशी औषधे नामांकित शिक्क्याच्या औषधांहून बरीच स्वस्त असतात. ज्यांना रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी रोज घ्यावी लागते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे मोकळेपणाने विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

येथवर मोरीचे झाले. आता दाराकडे या. दार म्हणजे कर्ज. "ऋण काढून सण" हे आपण हसत म्हणतो आणि गंभीरपणे करतो. सावकाराच्या नावाने आपण बोटे मोडतो. परंतु क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागते, म्हणजे चक्रवाढ सोडूनही सालीना छत्तीस ते बेचाळीस टक्के. दहा हजारांची बाकी वर्षभर तशीच राहिली तर व्याज चार हजारांच्या घरात जाते. त्या चार हजारांची बचत कोथिंबिरीच्या जुड्यांतून करायची म्हटली तर किती जन्म लागतील? "शून्य टक्के व्याज" असा फलक दिसला तरी सावध असावे. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते. ज्या घरात काही काटकसर करणे शक्य नाही असे वाटते, त्या घराने निदान एवढे करावे: सर्वांत चढ्या व्याजाचे कर्ज सर्वांत आधी फेडावे. याहून मोठी कमाई कोणत्याही ठेवीत नाही.

काही विद्वान मित्र म्हणतील, सर्वांनीच काटकसर केली तर दुकाने ओस पडतील, कारखाने बंद होतील. १९३६ साली केन्ससाहेबांनी असाच विचार मांडला होता आणि मंदीच्या काळासाठी तो खोटा नाही. पण आम्ही पैसा पुरून ठेवा, असे म्हणत नाही. गळक्या नळातून किंवा व्याजातून गेलेला पैसा आणि मुलीच्या शिक्षणावर, चष्म्यावर, पुस्तकावर खर्च झालेला पैसा, हे दोन्ही बाजारातच जातात. फरक एवढाच की, दुसऱ्या खर्चाने घर उभे राहते.

आणि आता आजच्या विषयाचे खरे पोट. काटकसर करते कोण? आपल्या घरांतून काटकसरीचे कौतुक बहुधा घरच्या बाईच्या नावाने होते. "आमच्या आईने कोंड्याचा मांडा करून संसार केला," असे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाच्या आड थोडे डोकावून पाहिले पाहिजे. सगळ्यांचे झाल्यावर जेवणारी, उरलेसुरले आपल्या पानात घेणारी, दूध मुलांना आणि चहा स्वतःला, फळ आजाऱ्याला आणि दुखणे अंगावर काढणारी, तीच ती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रातही तेच. याची कारणे अनेक आहेत, हे खरे; पण आपल्या घरातली बाई ताटात काय वाढून घेते, हे पाहायला कोणत्या पाहणीची गरज आहे? जी बचत एका माणसाच्या रक्तातून होते, तिला आम्ही काटकसर म्हणायला तयार नाही. ती उधारी आहे. आणि ती उधारी बाळंतपणात, म्हातारपणात, दवाखान्यात सव्याज वसूल होते.

दुसरे असे की, जी वाचवते तिच्या नावावर काय असते? ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा किती घरांतून डाळीच्या डब्यांतून, लुगड्यांच्या घड्यांतून नोटा बाहेर आल्या! ती चोरी नव्हती. वर्षानुवर्षे पै-पै करून अडीअडचणीसाठी राखलेली ती पुंजी होती आणि ती एका रात्रीत सर्वांसमोर मांडावी लागली. यातून धडा घ्यायचा तो असा: बाईची बचत डब्यात नको, तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात हवी. पोस्टाची बचत बँक या देशात १८८२ पासून आहे. बँकेतल्या ठेवींना २०२० सालापासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. महिन्याला पाचशे रुपये आवर्ती ठेवीत टाकले आणि सालीना सहा टक्के व्याज धरले, तर दहा वर्षांत भरलेल्या साठ हजारांचे सुमारे ब्याऐंशी हजार होतात. पण पैसे महिन्याच्या शेवटी उरले तर टाकू, असे म्हणू नये. शेवटी कधीच उरत नाहीत. पगाराच्या दिवशी आधी बाजूला काढावे आणि बाकीच्यात महिना भागवावा.

याच न्यायाने काटकसरही घरातल्या सर्वांची असली पाहिजे. हिशेबाची वही एकट्या बाईच्या हाती देऊन घरधन्याने पानपट्टीवर, मित्रांच्या चहावर आणि लग्नातल्या मानपानावर सढळ हात सोडायचा, हा हिशेब जुळणारा नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसावे. मुलांनाही बसवावे. बिल वाचता येऊ लागलेल्या मुलाला दिवा मालवायला सांगावे लागत नाही. आणि ज्यांच्या घरात दोन वेळची भ्रांत आहे, त्यांना काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांच्याइतकी काटकसर या सभेत कोणी करीत नसेल. शंभर ग्रॅम तेल पुडीत बांधून नेणाऱ्याला लिटरच्या डब्याहून महाग तेल घ्यावे लागते. त्याला उपदेश नको, योग्य मजुरी हवी.

शेवटी कशासाठी, हा प्रश्न. पै-पैशाने काय होते, असे विचारणाऱ्यांना आम्ही तळेगावचा रस्ता दाखवतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा जमवण्याचा पैसा फंड काढला. रुपयाचे चौसष्ट पैसे होते तो काळ. लोक हसले असतील. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला आणि काचकामाचे शिक्षण घेऊन तरुण बाहेर पडू लागले. देणाऱ्याला त्या पैशाची उणीव भासली नाही; परंतु तो पैसा कशासाठी आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. तीच या सगळ्या व्याख्यानाची किल्ली आहे. हेतू नसलेली बचत माणसाला कोरडी करते. हेतू असला की तीच बचत घरातल्या सर्वांना एका दोरीत बांधते.

तेव्हा आज घरी गेल्यावर नळ, दिवे आणि शेगडी अवश्य पाहा. पण त्याआधी घरातल्या माणसांना जवळ बसवून एवढेच विचारा: आपण वाचवायचे ते कशासाठी, आणि त्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की उरलेले सारे आपल्या आज्यांना आमच्याहून अधिक येत होते.